जनकाबाईला आवतन

आमच्या बाबांसारखं आवतन देणारा माणूस अख्ख्या डोंगरकडा गावात दुसरा नाही. हे मी लेक म्हणून सांगत नाही. लेक म्हणून मला त्यांच्या खोडीच जास्त दिसतात. पण कुणाकडे लग्न निघालं की माणसं कार्डांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात येतात आणि म्हणतात, "नरसिंगदादा, जरा संगं चला की." कारण नुसतं कार्ड टेकवून पुढच्या घरी पळणं बाबांना मान्य नाही. चपला बाहेर काढायच्या, खाली बसायचं, तब्येत विचारायची. समोरचा "बरी हाय" म्हणाला तर तेवढ्यावर सोडायचं नाही, पुन्हा विचारायचं. म्हशीचं विचारायचं, नातवाच्या परीक्षेचं विचारायचं, चहा घ्यायचा आणि मग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. कोण कुणावर कधीपासून रुसलंय हे त्यांना तोंडपाठ. शाळेत शिपाई आहेत, पण गावात त्यांना जो मान आहे तो हेडमास्तरलाही नाही.

आणि अशा माणसाच्या हातून, स्वतःच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात, एक आवतन राहून गेलं. माझ्या मायचं.

झालं ते असं. माझं कळमनुरीच्या मुलाशी जमलं आणि बाबा आठ दिवस नावांची यादी करत बसले. लग्नाचं कार्ड म्हणजे आमच्याकडे चेष्टा नाही. निमंत्रक कोण, विनीत कोण, कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून भाऊ भावाशी बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. बाबांनी एक्याऐंशी नावं काढली. चुलते, मावसे, उपसरपंच, पतपेढीचे चेअरमन. खाली बारक्या पोरांची किलबिल, 'आमच्या सपनाताईच्या लग्नाला यायचं बरं का' म्हणून. बाळापूरच्या छापखान्यातून नमुना माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी नांदेडला ड्युटीवर होते, एका दवाखान्यात नर्स आहे मी. माझं बी.एस्सी. नर्सिंग नीट छापलंय का पाहिलं, नवरदेवाची पदवी पाहिली आणि 'मस्त' असं लिहून पाठवून दिलं. माझ्या भावानं, भीमराजदादानं पाहिलं. बाबांनी चष्मा लावून तीनदा वाचलं आणि म्हणाले, "एक बी सुटला न्हाई." मायचे हात पिठात होते. दादानं मोबाईल तिच्यापुढे धरला, ती म्हणाली, "दिसंना रे, जरा मोठं कर." तेवढ्यात दादाला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला.

सहाशे कार्डं छापून आली. मीही रजा टाकून घरी आले होते. पहिलं कार्ड घरातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवायचं, म्हणून मायनं हात पुसले आणि गठ्ठा सोडला. माय सातवी शिकलेली. अंगणवाडीत मदतनीस आहे. ती बोट ठेवून वाचते, पण एक अक्षर सोडत नाही. तिनं कार्ड वरपासून वाचायला घेतलं. श्री. नरसिंग पाईकराव यांची कन्या. मग काका, चुलतकाका, उपसरपंच, चेअरमन, पार खालच्या किलबिलीतली दीड वर्षाची पोरंसुद्धा तिनं नावानिशी वाचली. मग कार्ड उलटून मागची बाजू पाहिली. मागे विहाराकडे यायचा रस्ता दाखवला होता.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. कार्ड मूर्तीपुढे ठेवलं आणि तुरी निवडायला गेली.

संध्याकाळी चहाला बसल्यावर बाबांनी मोहीम आखली. "उद्या बाळापूर उरकतो. परवा कळमनुरी. तू आपल्या आळीतल्या बाया घे."

"मला न्हाई जमायचं," माय म्हणाली.

"काहून?"

"मलाच आवतन न्हाई, तं मी दुसऱ्याला कसं देऊ?"

आम्हाला वाटलं गंमत करतेय. माय गंमत फारशी करत नाही, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ज्याचं कार्डावर नाव हाय ते घरचे," ती शांतपणे म्हणाली. "ज्याचं न्हाई ते पाव्हणे. आन पाव्हण्याला आवतन लागतं. मला कुणी देलं न्हाई."

बाबांनी कार्ड उचललं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. एक्याऐंशी नावं, आणि मला नऊ महिने पोटात वागवलेल्या बाईचं नाव त्यात नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून पाच वेळा वाचलं होतं.

पण बाबा हार मानणारे नव्हेत. "अगं, हे काय! श्री. नरसिंग पाईकराव. त्यात तू आलीच की!"

"आले व्हय? कुठं? बोट ठिवा."

आणि बाबांनी खरंच बोट ठेवायला पाहिलं. ते बोट 'नरसिंग'वर गेलं, 'पाईकराव'वर गेलं आणि तिथंच घुटमळत राहिलं. मला हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती.

"अठ्ठावीस वर्सं मी त्यातच हाय," माय म्हणाली. "दरसाली नागपूरला दीक्षाभूमीवर टेम्पो जातो. लोक इचारतात, जनकाबाई न्हाई का? तुमीच सांगता, तिला गर्दी झेपत न्हाई. मला कधी इचारलं का, झेपती का न्हाई? तुमी माझ्यावाटचं बी जाऊन येता, माझ्यावाटचं बी बोलून येता. मंग माझ्यावाटचं लगीन बी लावून या."

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. रडली असती तर आम्ही तिला समजावलं असतं, त्याची आम्हाला सवय होती. ती कप घेऊन आत गेली आणि विसळायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक विचित्र लग्नघर सुरू झालं. माय सगळं करत होती. माझ्या पांढऱ्या साडीला फॉल लावला, मसाले कुटले, आचाऱ्याला दम दिला. पण कुणी काही विचारलं की म्हणायची, "समदं करीन. पोरगी माझी हाय. त्या दिशी मातर मी घरीच. घर राखाया कुणीतरी पायजेच की." पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तिनं लग्नात नेसायची स्वतःची नवी साडी शेजारच्या भिकाबाईला नेऊन दिली आणि म्हणाली, "तू नेस, मला काय काम पडायचं न्हाई." तेव्हा आमचं हसू पळालं. माय बोलते कमी, पण बोलली की करते. विहारात पंचशील म्हणायला मी उभी राहीन आणि माझी माय इथं घरी दाराशी बसलेली असेल, हे मला दिसायला लागलं आणि माझी झोप उडाली.

दादानं तोडगा काढला. त्याला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट चिकटपट्टीनं दुरुस्त होते. छापखान्यातून त्यानं सोनेरी चिकटचिठ्ठ्या आणल्या, 'सौ. जनकाबाई नरसिंग पाईकराव'. बाबांच्या नावाच्या शेजारी चिकटवायला बसला, तर सगळ्या वाकड्या. माय थोडा वेळ बघत राहिली. मग तिलाच राहवेना. तिनं त्याला उठवलं आणि सहाशेच्या सहाशे कार्डांवर स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं सरळ चिकटवलं.

"झालं मग?" दादा खूश होऊन म्हणाला.

"हे लोकांना दावायला हाय," माय म्हणाली. "मला आवतन पायजे."

बाबांनीही एक प्रयत्न केला. शाळेला निघता निघता एक कार्ड पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे घे. देलं आवतन. झालं?"

मायनं कार्ड उचलून त्यांच्या पिशवीत परत घातलं. "असं कुणाला देता का तुमी?"

बाबा पिशवी उचलून शाळेला गेले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. गावभर वाटायला गोड बोलणं होतं, घरात मात्र त्याचा दुष्काळ.

मला माझं मन खात होतंच. एका दुपारी ती तांदूळ पाखडत होती, तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "माय, ते कार्ड मीपण पाहिलं होतं. मस्त म्हणून लिहून पाठवलं."

"ठावं हाय."

"मग माझ्यावर का नाही रुसलीस?"

"तू आठ दिसांनी चाललीस," ती सुपातला खडा काढत म्हणाली. "तुझ्यावर रुसले तं तू ते संगं घिऊन जाशील सासरी. तुझ्या बापाला कुठं जायचंय?"

मी तिथंच रडले. तिनं मला रडू दिलं, फक्त तांदळाचं सूप बाजूला ओढून घेतलं.

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा बाबा आखाडा बाळापूरला मिराबाई आत्याकडे निघाले. मला ब्लाउज आणायचा होता, म्हणून मी गाडीवर मागे बसले. रस्त्याच्या कडेनं शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि तिच्या वासानं डोकं भणभणत होतं. मिराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण आणि आमच्या घराण्यातली सर्वांत नामांकित रुसणारी. दर कार्याला ती रुसते. यावेळी का, तर मुलगा बघायला जाताना तिला नेलं नाही म्हणून.

बाबांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथंच बसले. "अक्का, आत येत न्हाई. तू व्हय म्हनलीस तरच येतो."

"मंग बस तिथंच उन्हात," आत्या आतून म्हणाली.

"बसतो. तू न्हाई आलीस तं मांडवात उभा राहून मी काय करू? माय गेल्यापासून माझ्या डोक्यावर हात ठिवणारं दुसरं कोण हाय? गुडघा कसा हाय तुझा? ते तेल लावती का न्हाई?"

तीन मिनिटांत आत्या दारात. पाचव्या मिनिटाला पदर डोळ्याला. दहाव्या मिनिटाला आमच्या हातात चहा. मी हे लहानपणापासून पाहत आलेय, तरी मला दर वेळी टाळी वाजवावीशी वाटते. आवतन घेऊन झाल्यावर आत्या इकडेतिकडे बघत म्हणाली, "जनका काहून न्हाई आली संगं?"

बाबा चहात बघायला लागले. मग मीच सगळं सांगून टाकलं. ऐकताना आत्या आधी खो खो हसली. मग हसता हसता थांबली.

"नरसिंगा," ती म्हणाली, "मी दर वक्ताला काहून रुसते, तुला ठावं हाय? तू मनवाया येतो म्हनून. एरवी या घरात मला कोण इचारतं, गुडघा कसा हाय? जनका अठ्ठावीस वर्सांत एकदा रुसली न्हाई, म्हनून तू एकदा बी तिच्या दारात बसला न्हाई. पयल्यांदा रुसली ती, तं तिला चिकटचिठ्ठ्या देऊन राहिले तुमी!"

बाबा मला घेऊन परत निघाले. कॅनॉलपाशी त्यांनी गाडी थांबवली. उतरले, उगाच आरसा पुसला आणि मला विचारलं, "सपना, तिला काय म्हनू गं?"

"आत्याला म्हणता तेच म्हणा की."

"अक्काला म्हननं सोपं हाय," बाबा म्हणाले. "अक्का परक्या घरी हाय. हिला म्हनायला जातो तं जीभच उचलत न्हाई. लाज वाटती."

चोपन्न वर्षांचा माणूस आरसा पुसत उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच अर्धा झाला. मायवर त्यांचा जीव नव्हता असं नाही. त्यांना तो काढून दाखवता येत नव्हता, आणि दाखवायची गरज आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाबांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि मागच्या दारानं बाहेर गेले. मी स्वयंपाकघरात होते. माय पुढच्या खोलीत चटईवर पिशव्यांत सुपारी आणि साखरेच्या पुड्या भरत होती. गल्लीला वळसा घालून बाबा पुढच्या दारात येऊन उभे राहिले. भिकाबाई तिच्या ओट्यावरून डोळे फाडून बघत होती.

"हाय का घरात कुणी?" बाबा म्हणाले.

"असं काय करून राहिले?" माय म्हणाली.

बाबांनी चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. "येऊ का आत?"

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग काय समजायचं ते समजली. पुड्या बाजूला सारल्या, पदर नीट केला आणि म्हणाली, "या की." उठून तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं, पाहुण्यापुढे ठेवतात तसं. मी गुपचूप चहाचं आधण ठेवलं आणि दाराआडून बघत राहिले. असं बघणं वाईट, पण मी हलले नाही.

बाबा चटईवर बसले. पाणी प्याले. शेवटी त्यांच्या रोजच्या रिवाजानंच त्यांना हात दिला.

"तब्येत बरी हाय का?"

"बरी हाय."

"बरी म्हंजे कशी?" हे दुसऱ्यांदा विचारणं त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं. "गुडघेबिडघे?"

"डावा दुखतो. दोन वर्सं झाली."

"दोन वर्सं? घरी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं व्हतं. घरचे म्हनले, वय झालं."

बाबांनी रिकामा तांब्या उगाच उचलून पुन्हा खाली ठेवला. 'घरचे' म्हणजे कोण हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"घरचे कसे हायेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"चांगले हायेत," माय म्हणाली. "खोटं कशाला बोलू. दारू न्हाई, मारनं न्हाई. गावात नाव हाय. समद्यांशी लय गोड बोलतात. घरी येतात तवा बोलून बोलून दमलेले असतात."

"तकलीफ हाय म्हनायची."

"तकलीफ न्हाई." माय एक पुडी उचलून तिची घडी दाबत राहिली. "करमत न्हाई."

मी जन्मापासून त्या बाईबरोबर राहिले आणि हे मला माहीत नव्हतं. तिचे गुडघे माहीत नव्हते, मी नर्स असून. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी चहा घेतला, एक घोट प्याले, कप ठेवला आणि पिशवीतून कार्ड काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"आमच्या पोरीचं लगीन हाय. गुरुवारी, अकरा वाजता, विहारात. तुमी यायलाच पायजे."

तुमी म्हणाले. आमच्या घरात माय बाबांना अहोजाहो करते, बाबा तिला अगंतुगं. उलटं कधी ऐकलं नव्हतं.

मायनं कार्ड लगेच घेतलं नाही. आमच्याकडे आवतनाचे दोन प्रकार. घरटी एक म्हणजे घरातून एकानं जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घरानं यायचं, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. तिनं रीतसर विचारलं, "आवतन कसं हाय? घरटी एक, का चूलबंद?"

"दोन्ही न्हाई," बाबा म्हणाले. "हे तुमचं एकटीचं हाय."

तिनं कार्ड घेतलं. मांडीवर ठेवलं.

"बघते," ती म्हणाली. "घरी इचारून सांगते."

हे वाक्य बाबांनी हजार वेळा ऐकलं असेल. गावातल्या निम्म्या बाया आवतन घेताना हेच म्हणतात, आणि बाबांचं उत्तर ठरलेलं असतं, "इचारा इचारा, मी बी बोलतो त्यांच्याशी." त्या दिवशी मात्र त्यांचे डोळे भरून आले. मी बाबांना आजी गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

"घरच्यानं तुमाला आजपत्तर काय इचारलं न्हाई," ते म्हणाले. "आता त्याला काय इचारता. तुमाला यायचं का, तेवढं सांगा."

मायनं मांडीवरचं कार्ड पदरानं पुसलं. लग्न माझं होतं, आणि मी दाराला धरून दुसऱ्याच कुणाच्या होकाराची वाट बघत होते.

"यायचं हाय," ती म्हणाली, आणि इतके दिवस न रडलेली माझी माय तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मला लय यायचं हाय वो."